जा, पण कागद वाचून जा

अगं, तू विचारलंस, "ताई, तिकडे गेलं की पीआर मिळतं ना?" तुझी घाई मला कळते. नर्सिंगचं जीएनएम पूर्ण झालंय, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हातात आहे, महाडच्या दवाखान्यात रात्रपाळ्या करून मिळतं ते खोलीभाड्यात आणि पोलादपूरच्या एसटीत संपतं. त्यात कुणीतरी फोनवर सांगतंय की दोन वर्षांत जर्मनीत कायमची होशील. तू जावंस असं मला मनापासून वाटतं. मी स्वतः कुवेतच्या वॉर्डात काम केलंय, आणि त्या पगाराने आमच्या घराचं काय केलं ते मला ठाऊक आहे. पण परदेशातल्या नोकरीचा परवाना वेगळा आणि तिथं कायम राहायचा हक्क वेगळा. एजंट दोन्ही एका दमात बोलतो, म्हणून ऐकणाऱ्याला ते एकच वाटतं. तेव्हा माझं एक ऐक. समोर आलेला कागद कुणाच्या मर्जीला बांधलाय आणि तो पुढे कुठवर पोचतो, हे पैसे देण्याआधी शोधायचं.

आपल्या भागाला परमुलूख नवा नाही. पोलादपूरच्या वाड्यांमधली माणसं मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत गेली. महाड, दासगाव, पुढे गोरेगाव, म्हसळा या बाजूची माणसं आधी बोटीवर आणि मग आखातात. इथल्या मोहल्ल्यांमधली पक्की घरं, मुलींची शिक्षणं, बहिणींची लग्नं यांत किती दिनार-रियाल मुरलेत ते सगळ्यांना दिसतं. त्या घरांतल्या बायकांना इकामा, कफील, खुरूज हे शब्द तोंडपाठ आहेत. कफील म्हणजे ज्याच्या नावावर तुझा परवाना निघतो तो मालक. इकामा म्हणजे राहण्याचा परवाना, नोकरी आहे तोवरच जिवंत. नोकरी संपली, मालकाने नूतनीकरण केलं नाही, की खुरूज, म्हणजे कायमचं परतणं. ज्याची तिकडे तीस वर्षं गेली, ज्याची मुलं तिकडच्या इस्पितळात जन्मली, तोही एक दिवस सामान बांधून सावित्रीकाठी परत येतो. आखातात कामगाराला कायमच्या वास्तव्याची वाट जवळजवळ नाहीच. हा कुणाचा राग म्हणून सांगत नाही, तिथली व्यवस्थाच तशी आहे.

अलीकडे काही फटी उघडल्यात, त्याही सांगते. सौदीने 2019 मध्ये प्रीमियम रेसिडेन्सी काढली. तिच्या कायमच्या परवान्याला एकरकमी 8 लाख रियाल आणि वर्षाच्या परवान्याला 1 लाख रियाल, म्हणजे ती आपल्या वाटेची नव्हेच. संयुक्त अरब अमिरातीचा गोल्डन व्हिसा 10 वर्षांचा असतो. मे 2025 मध्ये दुबईने दुबई हेल्थमधल्या 15 वर्षांहून जास्त सेवा झालेल्या नर्सेसना तो जाहीर केला, तेव्हा मला खरंच आनंद झाला. पण 15 वर्षं वॉर्डात काढल्यावर मिळणारा 10 वर्षांचा परवाना, हे त्याचं मोजमाप आहे. नागरिकत्वाशी त्याचा संबंध नाही.

म्हणून आखातात जायचं तर कमवायला जायचं, वसायला नाही, हे पहिल्या दिवशी मनाशी ठरवून टाक. तिथं म्हातारपणाची पेन्शन नाही. सेवा संपताना मिळते ती ग्रॅच्युइटी. कुवेतच्या 2010 च्या कामगार कायद्याप्रमाणे खासगी नोकरीत महिन्याच्या पगारावर असशील तर पहिल्या पाच वर्षांना दरवर्षी 15 दिवसांचा पगार आणि पुढे दरवर्षी एक महिन्याचा. करारात लिहिलेला मूळ पगार कमी आणि भत्ते जास्त दाखवले, तर या हिशोबातही हात मारला जाऊ शकतो. मूळ पगाराचा आकडा आधी बघ, मग एकूण.

आझाद व्हिसा हा शब्द तू ऐकला असशील. कुणीतरी तिकडच्या माणसाच्या नावावर परवाना काढून विकतो, आणि सांगतो की मग कुठंही काम कर, मालकाला वर्षाला ठरलेली रक्कम दे. असा व्हिसा कुठल्याही कायद्यात नाही. कागदावर तू त्याचीच कामगार असतेस. त्याने एके दिवशी कामावरून पळाली म्हणून तक्रार केली, सौदीत ज्याला हुरूब लावणं म्हणतात, तर तू जागच्या जागी बेकायदा ठरतेस. मग धड काम करता येत नाही, धड परतता येत नाही, आणि पोलिसाला पाहून रस्ता बदलावा लागतो. आपल्याकडची कष्टाळू माणसं यात अडकलीत. नातेवाइकाने पाठवला म्हणून आझाद व्हिसा चांगला होत नाही.

तसाच दुसरा फसवा प्रकार म्हणजे फिरण्याच्या व्हिसावर पाठवणं. "आधी पोच, तिकडे बदलून घेऊ" असं कुणी म्हणालं तर तिथंच थांब. 1983 च्या उत्प्रवासन कायद्याप्रमाणे परदेशी भरती करणाऱ्या एजंटाला सरकारची नोंदणी लागते, आणि ती ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर नाव घालून कुणालाही तपासता येते. नोंदणी मुंबईच्या कंपनीची आणि पैसे मागणारा महाडच्या नाक्यावरचा भाऊसाहेब, असं असेल तर त्या कंपनीला स्वतः फोन लाव. मधल्या माणसाला कायद्यात जागाच नाही. एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. 2015 मध्ये केरळात उघड झालं की कुवेतच्या नोकरीसाठी तेव्हा ठरलेल्या 19,500 रुपयांच्या जागी नर्सेसकडून साडेएकोणीस लाखांपर्यंत उकळले होते. दागिने मोडून, जमीन गहाण टाकून त्या मुलींनी ते दिले होते. त्याच वर्षी सरकारने आखातासह 18 देशांत जाणाऱ्या नर्सेसना, पासपोर्ट कुठलाही असो, उत्प्रवासन परवानगी सक्तीची केली. तेव्हा नर्सने थेट विमानतळ गाठायचा असं कुणी सांगत असेल तर तो खोटं सांगतोय.

तुझ्या मावशीच्या मुलीलाही सांग. तिची दहावी राहिली आहे, म्हणून तिच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे उत्प्रवासन परवानगी लागते असा शेरा असेल. अशा पासपोर्टवर त्या 18 देशांत नोकरीला जायला बाईचं वय किमान 30 लागतं. वय वाढवून दाखवतो म्हणणारा माणूस तिचं भलं करत नाही. वय बसलं आणि रीतसर गेली, तर प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची असते. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर 10 लाखांचं संरक्षण, आणि दोन वर्षांचा हप्ता 275 रुपये, अधिक कर. एवढ्या पैशांत मिळणारं हे संरक्षण आडवाटेने गेलेल्यांना मिळत नाही. 12 जून 2024 ला कुवेतच्या मंगाफमध्ये कामगारांच्या इमारतीला आग लागली आणि पन्नासच्या आसपास माणसं गेली. बहुतेक आपलीच, भारतातली होती. राहायची सोय कंपनी देते म्हटल्यावर एका खोलीत किती जणी आणि कुठल्या मजल्यावर, हे विचारायला लाजू नकोस.

पासपोर्टबद्दल स्वतंत्र सांगते. पासपोर्ट भारत सरकारची मालमत्ता आहे, 1967 च्या कायद्यात तसं लिहिलंय. आखाती देशांतल्या नियमांनाही मालकाने तो ठेवून घेणं मंजूर नाही. तरी घेतात. नियम असणं आणि तो आपल्या पदरात पडणं यात किती अंतर असू शकतं, हे महाडच्या मुलीला मी काय सांगू? चवदार तळं सगळ्यांना खुलं असा नगरपालिकेचा ठराव 1924 चा. बाबासाहेब आणि हजारो माणसं त्या पाण्यापर्यंत पोचली 20 मार्च 1927 ला, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आला 1937 मध्ये. हक्क लिहिलेला असला तरी तो मागावा लागतो, त्याचा पुरावा जपावा लागतो. पासपोर्ट दिलास तर पोच घे. त्याची, व्हिसाची, कराराची छायाचित्रं आईच्या फोनमध्येही ठेव.

पुराव्याचं महत्त्व आखातातून परतलेल्या जुन्या पिढीला विचार. ऑगस्ट 1990 मध्ये इराक कुवेतमध्ये घुसला आणि सुमारे 1 लाख 70 हजार भारतीयांना जॉर्डनच्या अम्मानमार्गे परत आणावं लागलं. कोकणातली घरंच्या घरं नेसत्या वस्त्रानिशी परतली. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या नुकसानभरपाई आयोगाने तिथून निघावं लागलेल्यांना 2,500 किंवा 4,000 डॉलर अशी ठरावीक रक्कम दिली, कुटुंबाला जास्त. पण त्यासाठी अर्ज हवा होता, आणि आपण तिथं राहत होतो याचा कागद हवा होता.

आता तुझं जर्मनी. हा रस्ता खरा आहे, लांब आहे, आणि त्याच्या शेवटी कायमचं वास्तव्य आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला, 10,000 कुशल माणसं पाठवायचं उद्दिष्ट ठेवून. त्यात नर्सेसही आहेत. ऑक्टोबर 2024 मध्ये जर्मनीने भारतातल्या कुशल कामगारांसाठी दरवर्षी द्यायचे व्हिसा 20,000 वरून 90,000 पर्यंत नेण्याचं जाहीर केलं. त्यांच्याकडे म्हातारी माणसं वाढलीत आणि सांभाळायला हात नाहीत, म्हणून त्यांना तू हवी आहेस. ही त्यांची गरज आहे, तुझ्यावर उपकार नव्हे. मुलाखतीला बसताना एवढं मनात असू दे.

पण वाट अशी आहे. जर्मनीत नर्स हा नोंदणीचा व्यवसाय आहे. तुझं जीएनएम तिथं आपोआप चालत नाही. तिथलं राज्य तुझा अभ्यासक्रम त्यांच्या अभ्यासक्रमाशी ताडून बघतं आणि बहुतेकींना लेखी कळवतं की अमुक भाग कमी पडतो. मग एक तर परीक्षा द्यायची किंवा तिथल्या इस्पितळात पूरक प्रशिक्षण घ्यायचं. त्या काळापुरता तुला वेगळा परवाना मिळतो आणि तू सहायक म्हणून काम करतेस. मान्यता मिळाली की मग तू त्यांच्या लेखी नर्स, आणि मग कुशल कामगाराचा परवाना. या परवान्यावर तीन वर्षं, 36 महिने पेन्शनची वर्गणी, बी-वन पातळीचं जर्मन, तिथल्या कायद्याची-समाजाची साधी परीक्षा, स्वतःच्या पगारावर चाललेलं घर, एवढं झालं की कायमच्या वास्तव्याचा परवाना मागता येतो. जर्मनीतच प्रशिक्षण घेऊन पदविका मिळवली असेल तर दोन वर्षांत.

एजंट गाळतो ती ओळ हीच आहे. ती तीन वर्षं विमान उतरल्या दिवसापासून मोजत नाहीत. कुशल कामगाराचा परवाना हातात आल्यापासून मोजतात. सहायक म्हणून काढलेला काळ त्यात धरत नाहीत. तेव्हा मान्यतेच्या परीक्षेत कुणी वर्ष घालवलं, दोनदा नापास झाली, तर कायमचं होणं तेवढंच पुढे सरकतं. पैशातही फरक पडतो. वृद्धसेवेत 1 जुलै 2025 ला सहायकाला ताशी किमान 16.10 युरो आणि पूर्ण नर्सला 20.50 युरो असा दर लागू झाला. त्यातून कर, आरोग्यविमा, पेन्शन वगैरे कापून साधारण तिसरा हिस्सा जातो. एजंटाच्या तक्त्यावर असतो तो कापण्याआधीचा पगार. घरी पाठवायचे पैसे त्यावरून मोजू नकोस.

म्हणून भाषा इथंच शीक. बी-टू म्हणतात ती पातळी मान्यतेसाठी बहुतेक ठिकाणी लागतेच. मुंबईला काळाघोड्यापाशी आणि पुण्याला गोएथे इन्स्टिट्यूट आहे, आपण ज्याला मॅक्सम्युलर भवन म्हणतो ते. वीर स्टेशनवरून गाडीने मुंबई करता येते. पुण्याला वरंध घाटाने जायचं तर पावसाळ्यात तो घाट बंद असतो हे तुला माहीत आहे. रोजचं येणं-जाणं जमायचं नाही. काही महिने तिथं राहावं लागेल किंवा घरी बसून ऑनलाइन वर्ग करावा लागेल. परीक्षा मात्र मान्यता असलेल्या संस्थेचीच दे. तीन महिन्यांत बी-टू करून देतो म्हणणाऱ्या वर्गाचा फलक मी पाहिलाय. रात्रपाळी करणाऱ्या मुलीला ते शक्य नाही, वर्ष-सव्वा वर्ष धर. त्यात कंटाळा येईल, रडू येईल. पण वॉर्डात एखादी आजी दुखतंय कुठे ते सांगत असताना तुला तिचं बोलणं कळलं नाही, तर तो त्रास दोघींचा असेल. मला कुवेतला पहिल्या दिवसांत अरबी येत नव्हती तेव्हाची ती घालमेल अजून आठवते.

खर्च कुणी करायचा? जर्मन सरकारने पाठबळ दिलेली एक मोहोर आहे, परदेशातून नर्सेस नेणाऱ्यांच्या न्याय्य भरतीसाठी. तिचं तत्त्व असं की भरतीचा खर्च मालकाने उचलायचा, नर्सने नाही. तुझ्या एजन्सीकडे ती आहे का, विचार. केरळ सरकारची नॉर्का ही संस्था ट्रिपल विन या योजनेतून जर्मन सरकारी यंत्रणांबरोबर नर्सेस पाठवते, तीही त्यांच्याकडून भरतीचे पैसे न घेता. म्हणजे असं होऊ शकतं. तुझ्याकडे आठ-दहा लाख मागणाऱ्याला हे माहीत असतं. आणि करारात परतफेडीचं कलम बघ. दोन-तीन वर्षांच्या आत नोकरी सोडलीस तर किती पैसे भरायचे, ते दर महिन्याला कमी होत जातात की शेवटपर्यंत तेवढेच राहतात, आणि मालकाने काढलं तरी भरायचे का, हे सगळं जर्मनमध्ये लिहिलेलं असतं. त्याचं भाषांतर हातात आल्याशिवाय सही करायची नाही. घाई करतील. करू दे.

कायमचा परवाना मिळाल्यावरही एक अट उरते. सर्वसाधारणपणे सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ जर्मनीबाहेर राहिलीस तर तो संपतो. आई आजारी पडली, बाळंतपणाला माहेरी आलीस, पावसात मुक्काम लांबला, तर आधी तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडून मुदत वाढवून घ्यायची. नागरिकत्व पाच वर्षांनी मागता येतं. जर्मनीने जून 2024 पासून दोन नागरिकत्वं चालवून घेतली, पण भारत घेत नाही. 1955 च्या कायद्याप्रमाणे दुसरं नागरिकत्व घेतलंस की भारताचं जातं आणि मग परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं ओसीआय कार्ड काढावं लागतं. त्या कार्डावर येणं-जाणं, राहणं सगळं जमतं, मतदान नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली ठेवता येते.

जमिनीवरून आठवलं, आणि हे फार जिव्हाळ्याने सांगते. तू जायला निघालीस की घरात कुणीतरी म्हणेल, आता तू काय परदेशात राहणार, हक्कसोडपत्रावर सही करून जा. प्रेमानेच म्हणतील. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू घरातल्या मुलीला वडिलोपार्जित जमिनीत भावाइतकाच हिस्सा दिलाय. वरकस असो, दोन गुंठे असो, सातबाऱ्यावरचं नाव घाईत पुसू नकोस. मुखत्यारपत्र द्यावंच लागलं तर ठरावीक कामापुरतं दे. आणि पगारासाठी एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं स्वतःच्या नावावर उघड. त्याच्या व्याजावर इथं कर नाही. घरी पैसे पाठव, जरूर पाठव, भावाची फी भर, घराला स्लॅब घाल. पण सगळा पगार दुसऱ्याच्या खात्यात टाकून वीस वर्षांनी हात हलवत परतलेल्या बायका मी पाहिल्यात. तुझा एक हिस्सा तुझ्याच नावाने राहिला पाहिजे.

इंग्लंडचं विचारत होतीस. नर्स म्हणून नोंदणी होणार असेल तर तो रस्ता चालू आहे. काळजीवाहक म्हणून बाहेरून नवी भरती मात्र 22 जुलै 2025 पासून बंद झाली, आणि कायम होण्याची मुदत पाचवरून दहा वर्षं करायचा प्रस्ताव त्या सरकारने त्याच वर्षी मांडला. आजच्या तारखेचा नियम त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर वाच, कारण परवाना चालू असतानाही नियम बदलतो. कॅनडाच्या गुणांच्या पद्धतीत नोकरीच्या पत्राला गुण मिळायचे, ते मार्च 2025 मध्ये काढून टाकले. तरी तशी पत्रं विकणारे अजून फिरतात. अमेरिकेत एका देशाला ग्रीनकार्डात 7 टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणून भारतीयांची रांग वर्षानुवर्षं हलत नाही.

आता तुझ्या कागदांकडे ये. इथं मुली सर्वांत जास्त अडतात आणि कुणी आधी सांगत नाही. दहावीच्या गुणपत्रिकेवर तुझं नाव वडिलांच्या नावासकट, आधारवर स्पेलिंग वेगळं, नर्सिंगच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आणि लग्न झालं की सासरचं नाव. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही. परदेशी अधिकाऱ्याला त्या चार वेगळ्या बायका वाटतात. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. परदेशात जायचं मनात असेल तर माहेरचंच नाव सगळीकडे ठेव असं मी स्पष्ट सांगेन, मग सासूबाई रागावल्या तरी चालेल. बदललं असेल तर लग्नाची नोंदणी आणि शासकीय राजपत्रातली नोंद दोन्ही कर. जन्माचा दाखला बघ. डोंगरातल्या वाडीत घरी जन्मलेल्या कित्येकींची ग्रामपंचायतीत नोंदच नसते, आणि वर्ष उलटून गेल्यावर ती करायची तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. ते काम महिनोन्महिने चालतं. व्हिसाची तारीख आल्यावर धावू नकोस, आज सुरू कर.

मूळ प्रमाणपत्रं कुणाच्याही ताब्यात ठेवू नकोस. एजंट म्हणेल, फाइलला लागतात. दाखव, साक्षांकित प्रती दे, मूळ परत घे. जुलै 2021 च्या पुरात महाडात कपाटंच्या कपाटं पाण्यात गेली, आणि त्यानंतर नक्कल मिळवायला मुलींनी विद्यापीठांचे किती उंबरे झिजवले ते आपण पाहिलं. तळमजल्यावर राहत असशील तर कागद माळ्यावर ठेव, आणि डिजिलॉकरवर जे चढवता येईल ते चढव.

आणि स्थळाचं. "मुलगा जर्मनीत आहे, पीआर आहे" असं सांगत कुणी आलं, तर त्याच्या परवान्याचं नाव विचार, तारीख विचार. पत्नी म्हणून गेलीस तर जर्मनीत तुला काम करायची मोकळीक असते. पण तुझा परवाना त्याच्या परवान्याला जोडलेला असतो. तिथं तीन वर्षं संसार झाल्यावर, पुढे वेगळं व्हावं लागलं तरी, तुला स्वतःचा परवाना मिळू शकतो. मारहाण होत असेल तर त्याआधीही, हे कायद्यात आहे. आखातात नवऱ्याच्या नावावरच्या परवान्यावर नोकरी करायची तर वेगळी परवानगी लागते. तुझ्या हातात नर्सिंग आहे, तेव्हा शक्य असेल तर स्वतःच्या नोकरीवर, स्वतःच्या परवान्यावर जा. नवरा तुझ्या मागून आला तरी काही बिघडत नाही.

तू हुशार आहेस, हाताला गुण आहे, रुग्ण तुझं नाव घेतात. तुला घेऊन जायला देश तयार आहेत, त्यामुळे कुणी म्हणालं की हीच शेवटची संधी, उद्या दुपारपर्यंत पन्नास हजार टाक, तर विश्वास ठेवू नकोस. एजंटाने दिलेलं नोकरीचं पत्र आणि कराराचा मसुदा घेऊन रविवारी माझ्याकडे ये, आईलाही आण. ओळ न् ओळ एकत्र वाचू, एजन्सीचा नोंदणी क्रमांक तिथंच तपासू, आणि तोपर्यंत एक रुपयाही भरू नकोस.